बाटल्या कपाटात, पैसे दुकानात

वाचकाचं पत्र

घरात आम्ही पाच जण: मी, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासरे. आम्ही चौघं घरी नळाचंच पाणी पितो. सासऱ्यांचा मात्र नळावर विश्वास नाही, म्हणून त्यांच्यासाठी दर आठवड्याला एक लिटरच्या १२ बाटल्यांचा खोका येतो. शिवाय ऑफिसच्या पाच दिवसांत मी आणि नवरा बाहेर रोज एकेक बाटली विकत घेतो. सुट्टीच्या दिवशी फिरायला गेलो की आणखी चार. गंमत म्हणजे कपाटात सहा चांगल्या बाटल्या नुसत्या पडून आहेत. त्यात स्टीलच्या आहेत, प्लास्टिकच्या आहेत, एक काचेचीसुद्धा आहे. न्यायची विसरते, नेली तर वास येतो, एक गळते. मुलगा शाळेत बाटल्या हरवतो. नवरा म्हणतो, एवढ्याशा पैशासाठी कशाला डोक्याला ताप करून घेतेस? खरंच वाचतात का पैसे? विकतच्या रिकाम्या बाटल्याच पुन्हा भरल्या तर चालेल का? पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यावं का? आणि पुढच्या महिन्यात विमानाने फिरायला जातोय, तिथे काय करायचं?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातच एक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. तुम्ही चौघं घरी नळाचं पाणी निर्धास्त पिता आणि उंबऱ्याबाहेर पडलात की पाणी विकत घेता. म्हणजे तुमचा बाहेरचा खर्च पाण्यावरच्या अविश्वासापोटी होतच नाही, तो होतो बाटली सोबत नसल्यामुळे. सासऱ्यांचा खर्च मात्र अविश्वासाचाच आहे. या दोन खर्चांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. कपाटातल्या सहा बाटल्या पहिला खर्च बंद करू शकतात. दुसऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही. तुम्ही दोन्ही एकत्र मोजताय, म्हणून सगळं घर बदलल्याशिवाय काहीच व्हायचं नाही असं वाटतंय.

आधी बाहेरचं बघू. दोघांच्या पाच दिवसांच्या १० आणि सुट्टीच्या ४, म्हणजे आठवड्याला १४ बाटल्या. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर ७२८. आजारपण, रजा, घरी बसून काढलेले रविवार वजा केले तर आकडा थोडा खाली येईल, पण हिशेबाला ७२८ च धरू. खोक्याच्या १२ बाटल्यांप्रमाणे वर्षाला ६२४. दोन्ही मिळून १,३५२. तुमच्याकडे एक बाटली ज्या भावाला मिळते त्याने हा आकडा गुणा आणि कागद नवऱ्यासमोर ठेवा. फक्त सुट्या बाटलीचा आणि खोक्यातल्या बाटलीचा भाव वेगवेगळा लावा. सुटी, गार, तहान लागल्यावर हातात येणारी बाटली बहुतेक वेळा महागच पडते, कारण तिथे तुम्ही पाण्याबरोबर फ्रिजचे, जागेचे आणि स्वतःच्या घाईचे पैसे देत असता. त्यामुळे संख्येने दोन्ही खर्च जवळपास सारखे दिसले तरी पैशाने बाहेरचा मोठा निघेल. सुरुवात तिथूनच करा. त्यात सासऱ्यांची परवानगीही लागत नाही.

‘एवढ्याशा पैशासाठी’ हे नवऱ्याचं म्हणणं एका बाटलीपुरतं खरं आहे. वर्षाचा आकडा बघूनही ते तसंच म्हणत असतील, तर तुमच्या घरात पैशाची अडचण नाही आणि हे पत्र तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी कारणासाठी लिहिलंय. पण मला तसं वाटत नाही.

आता कपाट उघडा. नवीन बाटली घ्यायची नाही, हा माझा पहिला आग्रह. या विषयावर कुणालाही विचारा, ‘चांगली बाटली घ्या’ इथूनच सुरुवात होते, आणि तुमच्या कपाटात त्या सल्ल्याचीच गर्दी झालेली आहे. सहाही बाटल्या ओट्यावर काढा. गळते तिचं झाकण उघडून आतलं रबरी कडं बघा. ते वाकडं बसलेलं, फाटलेलं किंवा वाळून कडक झालेलं असेल तर दोष तेवढाच आहे. पुष्कळ बाटल्यांचं कडं सुटं मिळतं. नाही मिळालं तर ती बाटली घरात टेबलावर ठेवायला वापरा. काचेची बाटलीही घरातच बरी. काच वास धरत नाही, चव बदलत नाही, पण बसमध्ये पिशवी आपटली की संपलं.

उरलेल्यांतून तुमची निवडताना एकच कसोटी लावा. तोंडातून ब्रश सरळ तळापर्यंत जातो का? जात नसेल तर ती बाटली महिन्याभरात वास मारणार, मग ती कितीही महागाची असो. नळी, बटण, उघडझाप करणारी तोटी असले प्रकार जितके जास्त, तितकी पाणी साचून राहायला सांदीकोपरे जास्त. साधं फिरकीचं झाकण उत्तम. गार पाणी लागत असेल तर त्यातली दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली निवडा. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे बाहेरची उष्णता आत सहजी पोचत नाही. जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी जे निर्वात भांडं बनवलं, त्याचंच हे घरगुती रूप. मात्र ती जड असते. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, त्यात बाटलीचं वेगळं. रोज खांद्यावर ओझं वागवणाऱ्याला एकेरी भिंतीची पाऊण लिटरची बाटली जास्त दिवस साथ देते. ऑफिसात पुन्हा भरता येत असेल तर अर्ध्या लिटरचीही पुरते. मोठी बाटली घेऊन ती घरीच ठेवण्यापेक्षा लहान सोबत असलेली बरी.

विसरण्याचं काय? तुम्ही सकाळी बाटली विसरता, कारण सकाळी ती भरायची असते. डबे, दप्तरं, किल्ल्या, मोबाईल या सगळ्यात नळाखाली उभं राहून बाटली भरणं हे असं काम आहे की जे सोडून दिलं तर तासाभरात काही बिघडत नाही. म्हणून ते रात्रीवर ढकला. जेवणानंतर भांडी आवरली की बाटल्या धुवायच्या, भरायच्या आणि आपापल्या पिशवीशेजारी ठेवून द्यायच्या. फ्रिजमध्ये ठेवायच्या असतील तर डब्याला चिकटून ठेवा, म्हणजे डबा काढताना बाटली हातात येईलच. पिशवीत ठेवायची जागाही ठरलेली हवी, शक्यतो बाहेरचा उभा खण. आडवी टाकलेली बाटली एकदा जरी कागदांवर सांडली, तरी माणूस पुन्हा महिनाभर ती नेत नाही.

आणि ऑफिसात पाणी कुठे मिळतं ते आधी बघून ठेवा. सकाळची बाटली दुपारी दोनला संपते आणि खरेदी होते ती त्यानंतर. तिथल्या पाण्याचा भरवसा नसेल तर दोन बाटल्या न्या किंवा मोठी न्या. पण हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवा, नाहीतर सोबत बाटली असूनही तुम्ही दुसरी विकत घ्याल.

वास. बाटलीला येणारा वास हा बहुतेक वेळा धातूचा किंवा प्लास्टिकचा नसतोच. आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं ना? तो जिवाणूंचा थर असतो. तोंड लावून पिताना लाळ आत जाते, खाण्याचे बारीक कण जातात, वर झाकण घट्ट, आत ओल. नुसतं विसळून तो थर निघत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश रोज लागतो. झाकणातलं कडं आठवड्यातून एकदा काढून घासा. त्याच्या खाली काळे ठिपके दिसले तर दचकू नका, ती बुरशी आहे. कडं साफ होत नसेल तर बदला. वास बसलेलाच असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी घासून धुवा. स्टीलच्या बाटलीत ब्लीच ओतू नका. त्यातलं क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं. आणि धुतल्यावर झाकण लावून ठेवू नका. बाटली उपडी, झाकण बाजूला, दोन्ही कोरडी होईपर्यंत. तुमच्या कपाटातल्या बाटल्या झाकण लावूनच ठेवलेल्या असणार, म्हणून काढल्या-काढल्या त्यांना कोंदट वास येतो.

दूध, सरबत, कॉफी यांतलं काही त्या बाटलीत घालू नका. साखर आणि दूध कड्याखाली गेलं की मग कुठलाच सोडा पुरत नाही. एखादी तांब्याची बाटली मध्येच विकत घ्यावीशी वाटली तर तिच्यात लिंबू पिळलेलं पाणी अजिबात नको, आंबट पदार्थात तांबं उतरतं.

मुलाच्या बाबतीत माझं मत जरा रोखठोक आहे. बाटली हरवणाऱ्या मुलाला भारी बाटली देणं हा आपला हट्ट असतो, त्याचा नाही. त्याला सगळ्यात साधी, हलकी, एका हाताने उघडता येणारी द्या. वर मोठ्या अक्षरात नाव रंगवा, चिकटपट्टी धुण्यात निघून जाते. आणि हरवलेली बाटली हिशेबात धरा. एका बाटलीची किंमत विकतच्या ३० बाटल्यांएवढी असेल आणि ती दोन महिन्यांत हरवत असेल, तर मुलाच्या बाबतीत बचत फारशी उरत नाही. तो एरवी शाळेत पाणी विकत घेतच नसेल, तर उलट तोटाच आहे. अशा वेळी स्वस्त बाटली हाच काय तो उपाय.

आता विकतच्या रिकाम्या बाटल्यांबद्दल. एक-दोनदा भरून वापरल्या तर काही आभाळ कोसळत नाही. या बाटल्या पेट नावाच्या प्लास्टिकच्या असतात. तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो, बघा. त्यात बीपीए (बिस्फेनॉल-ए) हे रसायन असतं म्हणून त्या विषारी, अशी भीती पुष्कळांना असते, पण पेट बनवताना बीपीए वापरत नाहीत. ते रसायन पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकशी निगडित आहे आणि युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली. पेटची खरी अडचण साधी आहे. तोंड अरुंद, म्हणून घासता येत नाही. भिंत पातळ, म्हणून चुरगळते आणि आतून चरे पडतात. ७० अंश सेल्सियसच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, म्हणून उकळत्या पाण्याने धुता येत नाही. पेट बनवताना अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याचं संयुग वापरतात आणि बाटली तापली की त्याचा अंश पाण्यात उतरण्याचं प्रमाण वाढतं, त्यामुळे उन्हातल्या गाडीत आठवडाभर पडलेल्या बाटलीतलं पाणी झाडांना घाला. प्रवासात अडलं तर रिकामी बाटली भरून घ्या, त्याच दिवशी टाकून द्या. सहा धड बाटल्या कपाटात असताना रोजच्यासाठी ती धुऊन वाळवत बसणं म्हणजे काटकसर नव्हे, नुसतीच कटकट.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून मुलं नाक मुरडत असतील तर ते उघड्या तोंडाच्या भांड्यात काही तास ठेवा, मग झाकून फ्रिजमध्ये. क्लोरीन बरंचसं उडून जातं आणि गार पाण्यात चव कमी जाणवते. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरतात, ते असं उडत नाही. तिथे कोळशाचा फिल्टर लागतो.

आता सासरे. ते पितात आठवड्याला १२ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेदोन लिटरच्या आत. एका माणसाला पुरेल एवढंच. पहिले दोन महिने त्यांच्या खोक्याला हात लावू नका. एका वेळी सगळ्यांच्या सवयी बदलायला गेलात तर वाद पाण्यावर राहणार नाही, घरात कुणाचं ऐकायचं यावर जाईल. बाहेरच्या बाटल्या बंद झाल्या, खर्च कमी झालेला दिसला, की मग बोला.

आणि बोलताना त्यांना घाबरवू नका. तुमच्या हाताशी हत्यार आहे, हे खरं. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तीन ब्रँडच्या बाटल्यांत लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले, त्यातले ९० टक्के नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे. पण त्या कणांमुळे माणसाचं नेमकं काय बिघडतं, हे अजून ठरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकवर अहवाल काढला, तेव्हा ठाम निष्कर्षाला पुरेसा पुरावा नाही, असंच म्हटलं होतं. नळाला भिणाऱ्या माणसाला बाटलीलाही भ्यायला लावलं, तर ते पिणार काय?

त्यापेक्षा त्यांना बाटलीवरचं लेबल वाचायला द्या. पाणी कुठून आलं आणि त्यावर काय प्रक्रिया केली, हे पुष्कळ लेबलांवर लिहिलेलं असतं. झऱ्याचं, भूगर्भातलं पाणी असतंच, पण सार्वजनिक पुरवठ्याचं पाणी घेऊन, ते गाळून, शुद्ध करून बाटलीत भरणं हाही या धंद्याचा मोठा आणि अगदी कायदेशीर भाग आहे. अमेरिकेत पेप्सिकोने २००७ मध्ये अ‍ॅक्वाफिनाच्या लेबलवर पाण्याचा स्रोत सार्वजनिक पुरवठा असल्याचं स्पष्ट लिहायचं जाहीर केलं, तेव्हा पुष्कळ जण चकित झाले होते. यात फसवणूक शोधायची नाही. सासऱ्यांना पटवायचं ते एवढंच, की त्यांचा भरवसा आहे तो पाणी कुणीतरी तपासलेलं असण्यावर, आणि तपासणी घरच्या नळाचीही करता येते.

तर तपासा. पाणीपुरवठा करणारी यंत्रणा गुणवत्तेचा अहवाल देत असेल तर तो मिळवा, पण तिथेच थांबू नका. तो अहवाल तुमच्या इमारतीच्या टाकीबद्दल आणि जुन्या नळांबद्दल काही सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळायला नकोत. नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपर्यंत, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत. सरकारी मानकं प्रत्येक देशाची थोडी वेगळी असतात, ती प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली असतात.

यंत्र घ्यायचं की नाही, हे तो कागद हातात आल्यावर ठरवायचं, आधी नाही. इथे लोक बाटल्यांत वाचवलेले पैसे एका फटक्यात घालवतात. निकाल स्वच्छ आला तर यंत्र नकोच. जिवाणू सापडले तर आधी टाकी धुऊन घ्या आणि पुन्हा तपासा. तोवर पाणी खळखळून उकळा, एक मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. जिवाणूंचाच प्रश्न असेल तर अतिनील किरणांचं यंत्र चालतं, मात्र पाणी गढूळ नको, कणांच्या आडोशाने जंतू वाचतात. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा शिसं जास्त असेल तर उकळण्याचा उपयोग नाही. वाफ निघून जाते आणि मागे उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. तिथे आरओ, म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणारं यंत्र, लागतं. आरओ पाण्याचा एक भाग सांडपाणी म्हणून टाकून देतं, पडदा ठरावीक काळाने बदलावा लागतो, हाही खर्चच. निव्वळ वास नको असेल तर कोळशाचा फिल्टर पुरे.

विक्रेता घरी येऊन टीडीएसचं मीटर पाण्यात बुडवेल, त्याला भुलू नका. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पाणी सहसा चवीला चांगलं लागतं आणि १,००० च्या वर ते पिववत नाही. तो आकडा चवीबद्दल बोलतो. जंतू आहेत की नाहीत, शिसं आहे की नाही, यातलं काही तो सांगत नाही. दुसरा खेळ याहून नाट्यमय असतो. दोन ग्लासांत विजेच्या कांड्या सोडतात, नळाचं पाणी तपकिरी, गचाळ होतं, यंत्राचं तसंच नितळ राहतं. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. यंत्राच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज जेमतेम वाहते, म्हणून काही दिसत नाही. त्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि गंमत बघा.

यंत्र लागलंच तर हिशेब पुन्हा बाटल्यांतच करा. समजा, यंत्र खोक्यातल्या ६०० बाटल्यांच्या किमतीत बसतं आणि देखभालीला वर्षाला २०० बाटल्यांएवढा खर्च आहे. तीन वर्षांत १,२०० झाले. खोका चालू ठेवला असता तर १,८७२. म्हणजे तीन वर्षांनी ६७२ बाटल्यांचे पैसे हातात. तुमचे आकडे घालून बघा. आणि यातली सगळ्यात मोठी अट विसरू नका: सासरे ते पाणी प्यायले तरच. यंत्र बसवलं आणि खोकाही येत राहिला, असं व्हायला नको. म्हणून यंत्र घेण्याआधी त्यांना सोबत घेऊन नमुना द्यायला जा. प्रयोगशाळेचा कागद त्यांच्या हातात पडू द्या. तुम्ही सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा तो बरा.

मधला मार्ग म्हणून कुणीतरी तुम्हाला २० लिटरचा जार सुचवेल. लिटरमागे तो बहुधा स्वस्त पडतो, बाटलीही परत जाते. पण तुमच्या घरात तो बसत नाही. एकट्या सासऱ्यांसाठी उघडला तर दहा-बारा दिवस तसाच राहील, तोटीत घाण साचेल. सगळेच त्यातलं प्यायला लागले तर आज जवळजवळ फुकट मिळणारं चौघांचं पाणीही तुम्ही विकत घ्यायला लागाल.

तपासणीनंतरही सासरे खोक्यालाच चिकटून राहिले तर राहू द्या. सगळा नाही, पण निम्म्याहून जास्त खर्च तोवर वाचलेला असेल. म्हातारपणी माणसाने पाणी निःशंकपणे आणि पुरेसं प्यावं, त्याची किंमत या हिशेबात धरलेली नाही.

थोडं सीलबंद पाणी घरात असावंच. पूर येतो, नळ बंद होतात, पाणी उकळून प्या अशी सूचना निघते. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्य यंत्रणेच्या सल्ल्यानुसार माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर, निदान तीन दिवसांचं. पाच जणांचे ६० लिटर होतात, एवढं नाही तर निम्मं तरी ठेवा, उन्हापासून लांब. आणि नळाच्या पाण्यात खरोखरच दोष निघाला, तर हा सगळा बचतीचा विचार बाजूला ठेवायचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, नव्या पाण्याने नळ आतून गंजले आणि घराघरांत शिसं उतरलं. तिथल्या लोकांनी बाटलीचं पाणी घेतलं, ते योग्यच केलं.

विमानाच्या प्रवासाचं सोपं आहे. २००६ पासून विमानतळांवर १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातला द्रव हातातल्या सामानातून नेण्यावर पुष्कळ देशांत बंधन आहे. अलीकडे काही ठिकाणी ते सैल होतंय, पण त्यावर विसंबू नका. बंधन पाण्यावर आहे, बाटलीवर नाही. चारही बाटल्या रिकाम्या न्या, तपासणीआधी झाकणं उघडून दाखवायची तयारी ठेवा आणि आत गेल्यावर पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरून घ्या. तपासणीच्या पलीकडचं दुकान सहसा सगळ्यात महाग असतं, तेव्हा सासऱ्यांसाठीही घरातली पाचवी रिकामी बाटली सोबत न्या, त्यांना ती स्वतः भरू दे. परक्या ठिकाणी नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे मुक्कामी पोचल्यावर विचारा. नसेल तर तिथे मोठी सीलबंद बाटली एकच घेऊन तीतून आपल्या बाटल्या भरा. आणि वरच्या उंचीवर केबिनमधला दाब कमी होतो, तेव्हा नळीवाली बाटली उघडताना पाणी उडतं. मुलांकडे ती देणार असाल तर आधी झाकण किंचित सैल करायला सांगा.